हिरवं पाणी

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात माहेरी गेले होते. अमळनेरपासून आत, बोरीच्या काठाला आमचं गाव. सकाळी हात गारठलेले, स्वयंपाकघरात खिडकीतून येणारा उन्हाचा एकच पट्टा, आणि गॅसवर जर्मनच्या पातेल्यात पालक उकळत होता. आई देवपूजेत होती. पाच मिनिटं झाली तसं मी पातेलं उतरवलं, वर ताटली तिरकी धरली आणि सगळं पाणी मोरीत ओतून दिलं. वाफेचा लोट तोंडावर आला. ओल्या मातीचा, थोडासा लोखंडाचा असा पालकाला जो वास असतो तो. शहाबादी फरशीवरून ते पाणी सरकत भोकाकडे गेलं, पोपटी आणि तपकिरी यांच्या मधला काहीतरी रंग, कडेला बारीक फेस. मागे आई उभी होती, हातात घंटी तशीच. म्हणाली, "पानी कसाले फेकी दिधं वं?"

मला आधी वाटलं, गरम पाणी मोरीत ओतलं म्हणून बोलतेय. आमच्या मोरीचं पाणी परसात आळवाच्या वाफ्याकडे जातं आणि कढत पाण्यानं मुळं जळतात, म्हणून लहानपणी याच कारणासाठी मी बोलणी खाल्ली आहेत. पण ते नव्हतं. मग मी तिला समजावून सांगितलं. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुतखडा आहे, पालकात ऑक्झलेट असतं, त्याचा खडा होतो, उकळलं की त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं, म्हणून पाणी टाकायचं. मी नाशिकला अकरावी-बारावीला वनस्पतीशास्त्र शिकवते. समजावून सांगायला लागले की आवाज आपोआप फळ्यासमोरचा होतो. आईनं सगळं ऐकून घेतलं. मोरीत पाण्याची शेवटची रेघ राहिली होती तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "त्यामाच तं सर्व उतरेल शे." आणि घंटी ठेवायला निघून गेली.

तिचं वाक्य आणि माझं वाक्य एकच होतं.

दोघीही म्हणत होतो की त्यात उतरतं. मी म्हणत होते म्हणून टाकावं, ती म्हणत होती म्हणून टाकू नये. नाशिकला परत आले तरी ते डोक्यातून जाईना. कारण त्या घरात त्या दिवशी पालक खाणारी माणसं दोन होती. एक नाना, ज्यांना पालक कमी खा म्हणून सांगितलं आहे. दुसरी वहिनी, पाचवा महिना, हिमोग्लोबिन ८.९, जिला पालेभाज्या भरपूर खा म्हणून सांगितलं आहे. दोन डॉक्टर, दोन कागद, फ्रिजवर एकाच चुंबकाखाली लावलेले. आणि भाजी एकाच पातेल्यात.

नानांचा खडा मी पाहिला आहे. दोन वर्षांपूर्वी वैशाखात तो पडला. एक दिवस आणि एक रात्र त्यांनी अंगणात येरझारा घातल्या होत्या, आणि पहाटे तो पडल्यावर औषधाच्या पुडीच्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवला, सोन्याची मुरणी ठेवावी तसा. आल्या-गेल्याला उघडून दाखवायचे. तुरीच्या दाण्यापेक्षा लहान, पिवळट तपकिरी, आणि चहूबाजूंनी टोकं. शेतात अनवाणी चालताना पायात जो गोखरू मोडतो, थेट तसा. गंमत अशी की शेजारच्या काकूंनी त्यावर गोखरूचाच काढा सांगितला होता. काट्यानं काटा काढावा हे आपल्याकडे औषधालाही लागू असतं बहुतेक. तपासणीत निघालं, कॅल्शियम ऑक्झलेट. मी तो तळहातावर घेतला तेव्हा अंगावर शहारा आला, पण तो नानांच्या दुखण्याचा नव्हता. तो आकार मी आधी कुठेतरी पाहिला होता.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पानाचा आडवा छेद घ्यायचं प्रात्यक्षिक असायचं. बटाट्याच्या फोडीला चीर द्यायची, त्यात पानाचा तुकडा धरायचा आणि दाढीच्या ब्लेडनं इतका पातळ काप काढायचा की तो पाण्यात टाकल्यावर दिसू नये. आठवडाभर अंगठ्यावर बारीक चिरा असायच्या आणि घरी मिरची वाटताना त्या झोंबायच्या. कॉलेजात सूर्यफुलाचं नाहीतर मक्याचं पान द्यायचे. एकदा ते संपलं म्हणून मी डब्यासोबत आणलेल्या पालकाच्या जुडीतलं पान कापलं. जुडी आत्याकडे द्यायची होती. सूक्ष्मदर्शकाखाली आधी ते नेहमीचं सगळं दिसलं. वर काचेसारख्या पेशींचा एक थर, त्याखाली उभ्या पेशी खांबासारख्या दाटीनं उभ्या, त्यांच्यात हरितलवकांचे ठिपके, त्याखाली ढिल्या, पोकळ्यांच्या पेशी जिथे हवा खेळते. खालच्या त्वचेत दोन-दोन रक्षक पेशींची ती मिटणारी-उघडणारी तोंडं. आणि मधेच, अचानक, एक करडा काटेरी गोळा. मग दुसरा. मला वाटलं, स्लाइडवर धूळ बसली. सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या घरच्या भाजीत खडे आहेत बरं का." वर्ग हसला. मग त्यांनी सांगितलं की हे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. झाड ते स्वतःच करतं, जास्तीचा कॅल्शियम बाजूला टाकायला आणि खाणाऱ्याच्या तोंडाला त्रास व्हावा म्हणूनही. आळवात तेच सुयांच्या जुडग्यासारखे असतात, म्हणून घशाला खाज सुटते. पालक खाल्ल्यावर दात खरखरीत होतात, ते त्याच ऑक्झलेटचं काम.

नानांच्या पुडीतला खडा म्हणजे त्या स्लाइडवरचा गोळा, शेकडो पट मोठा.

पानानं तो आपल्यासाठी केलेला नसतो, हे मी वर्गात सांगते तेव्हा पोरांना पटकन कळत नाही. आपल्याला लहानपणापासून सवय असते, पालकात लोह आहे, शेवग्यात कॅल्शियम आहे, जणू झाडं आपल्याकडे बघून डबा भरतायत. पानात लोह असतं कारण प्रकाशातून साखर करायच्या यंत्रणेला ते लागतं. मॅग्नेशियम असतं कारण हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध त्याचा एक अणू बसलेला असतो. कॅरोटीन असतं ते जास्तीच्या उन्हापासून पानाला सांभाळायला. आपण त्याच्या घरात शिरून त्याची भांडीकुंडी उचलून आणतो आणि वर म्हणतो, किती पौष्टिक. तक्त्यातले आकडेही असेच फसवे. पालकात कॅल्शियम आहे हे खरं, पण तो ऑक्झलेटनं इतका घट्ट धरून ठेवलेला असतो की आपल्या अंगाला त्यातला जेमतेम पाच टक्के लागतो. दुधातला साधारण तीस टक्के लागतो. मेथीत ऑक्झलेट पालकाच्या मानानं फारच कमी, पण हे नानांना कोण सांगणार? त्यांना लहानपणापासून पाला आवडत नाही. डॉक्टरांनी पालक-टोमॅटो कमी करा म्हटलं, त्याचं घरी येईपर्यंत "डॉक्टरनी पाला बंद सांगेल शे" झालं. मेथी, चुका, तांदुळजा, सगळे एकाच वरातीत बाहेर. पाणी भरपूर प्या, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मात्र नाना विसरले. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा शेतात सकाळपासून दुपारपर्यंत एक तांब्या पाण्यावर काढणारा माणूस पालकाला दोष देतो, याचं मला हसूही येतं आणि रागही.

भाजी निवडायला आई दुपारी ओट्यावर बसते. मी माहेरी असले की समोर बसते, मधे जुनं वर्तमानपत्र. तिची निवडायची पद्धत अशी की प्रत्येक देठ ती चिमटीत धरून मोडते. कट्ट आवाज करून तुटला तर टोपलीत, वाकला आणि तुटताना मागे दोरा सोडून गेला तर कागदावर. "जून शे, टाकी दे." बघत नाही, गप्पा मारता मारता, बोटांनीच. माझ्या विषयात त्या दोऱ्याला नाव आहे. देठातल्या जलवाहिन्यांच्या भिंतींत वय झालं की लिग्निन साचतं, लाकडाचं जे लाकूडपण ते हे. छेदाला सॅफ्रॅनिन लावलं की तेवढाच भाग लालभडक होतो. प्रयोगशाळेत आम्हाला त्यासाठी ब्लेड, बटाटा, रंग, काच आणि भिंग लागायचं. आंबाडी तर पावसाळ्यात पानं खुडून खायची आणि मग खोडं पाण्यात कुजवून त्याच्या सालीचे दोर वळायचे, म्हणजे एकाच झाडाचं कोवळं पोटात आणि जून बैलाच्या गळ्यात. आजोबा ते करायचे. आता बैलही नाहीत.

हरभऱ्याचं मात्र अजून तसंच आहे. थंडीच्या दिवसांत, फुलावर यायच्या आधी, बायका शेतात शेंडे खुडायला जातात. शेंडा खुडला की खालचे डोळे फुटतात, झाड पसरतं, घाटे जास्त लागतात. खुडलेला पाला घरी येतो. लहानपणी आईच्या मागे मीही जायचे. दहिवर पडलेलं असायचं आणि हरभऱ्यातून चालताना पोटऱ्या चुरचुरायच्या. रबरी चपलेच्या कडेला पांढरट थर बसायचा. बोट चाटलं की आंबट, खारट, जिभेला चिमटा. पुढे कॉलेजात त्याचं पान भिंगाखाली धरलं आणि पाहिलं, पानभर केस, आणि बऱ्याच केसांच्या टोकाला गोल बोंड, त्यावर ओला थेंब. मॅलिक आम्ल, ऑक्झॅलिक आम्ल. कीड लागू नये म्हणून झाडानं अंगभर लावलेलं आंबट. मोठी आई, म्हणजे वडिलांची आई, रात्री शेतात हरभऱ्यावर धुतलेलं पांढरं धोतर पसरून यायची आणि पहाटे ते पिळून बाटलीत आंब भरायची. पोट दुखलं की चमचाभर त्यातली. चव आठवली तरी अजून माझे दात आंबतात. ती आंब मी कधी हौसेनं प्यायले नाही, आणि आता कुणी करत नाही म्हटल्यावर तिच्याविषयी गळा काढणंही मला जमत नाही. हरभऱ्याचा वाळवलेला पाला मात्र मला हवाच असतो. आई दरवर्षी पत्र्याच्या डब्यात भरून देते. उन्हाळ्यात भाजीवाल्याकडे फक्त दुधी आणि भोपळा उरतो तेव्हा ज्वारीच्या कण्या आणि लसूण घालून ती भाजी करायची. वाळवल्यानं त्यातलं क जीवनसत्त्व बहुतेक गेलेलं असतं, मला माहीत आहे. तरी पहिल्या घासाला शेतात उभी असते मी.

उन्हाळ्यातली दुसरी भाजी पोकळा. इथे जरा थांबते, कारण मला हे झाड मनापासून आवडतं. एप्रिल-मेमध्ये मेथी दोन दिवसांत पिवळी पडते, कोथिंबीर फुलून जाते, आणि मोरीच्या पाण्यावरचा पोकळा दुपारी दोनच्या उन्हात ताठ उभा असतो. मी अकरावीला शिकवताना मक्याऐवजी पोकळ्याचंच पान कापून दाखवते. त्याच्या प्रत्येक शिरेभोवती मोठ्या पेशींची एक गोल माळ असते, गच्च हिरवी. या रचनेला क्रांझ म्हणतात, जर्मन शब्द, अर्थ हार. साध्या पानाची उन्हात अडचण अशी होते की हवेतला कार्बन पकडणारं विकर उष्णतेत गोंधळतं आणि चुकून प्राणवायू पकडून बसतं, केलेलं काम वाया जातं. पोकळा बाहेरच्या पेशींत कार्बन गोळा करतो आणि आतल्या त्या हारात नेऊन दाबून भरतो, म्हणजे विकराला चूक करायला जागाच उरत नाही. तोंडंही कमी उघडावी लागतात, पाणी वाचतं. ज्वारी, बाजरी, मका, ऊस, सगळी याच वाटेची. खानदेशच्या उन्हाळ्याला हीच माणसं पुरून उरतात, झाडं म्हणायचं होतं मला. घोळ तर आणखी पुढची. तीही याच वाटेची, पण पाणी तुटलं की रात्री तोंडं उघडते आणि आम्ल साठवून ठेवते, म्हणून तशा दिवसांत पहाटे खुडलेली घोळ संध्याकाळच्यापेक्षा आंबट लागते. हे मी एकदा आईला कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, म्हणून तर घोळीत चिंच घालायची का नाही ते चाखून ठरवायचं.

पोकळ्याची घोटलेली भाजी आधी लोखंडी कढईत व्हायची. दादाच्या लग्नात स्टीलची भांडी आली आणि ती कढई, तळाला एका बाजूनं झिजलेली, भंगारवाल्याच्या तराजूत गेली. मी तेव्हा होते तिथे. काही बोलले नाही, उलट घासायला जड जाते म्हणून मीच दुजोरा दिला असणार. आंबट भाजी लोखंडात शिजली की लोखंड थोडं भाजीत येतं, रंग काळपटतो आणि रक्ताला त्याचा उपयोग होतो. वहिनीचा रिपोर्ट वाचताना मला ती कढई आठवली. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायकांना रक्त कमी आहे, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलं आहे. आमच्या घरात आत्ता तीन बायका. आईनं आयुष्यात कधी तपासलेलंच नाही.

वहिनीला ज्या लाल गोळ्या मिळतात त्यात लोहासोबत फॉलिक आम्ल असतं. त्याची गोष्ट मुंबईची आहे. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या होत्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का आटतंय याचा शोध घ्यायला. त्या बायका काय खातात ते त्यांनी बघितलं, उंदरांवर आणि माकडावर प्रयोग केले, आणि शेवटी ज्यानं गुण आला ते होतं मार्माइट, यीस्टचा स्वस्त काळा अर्क. १९३१ मध्ये त्यांनी ते छापलं. अर्कातलं नेमकं काय लागू पडतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालक गाळून ते द्रव्य वेगळं काढलं आणि लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून त्याला फॉलिक नाव दिलं. चार टन. आईच्या वाफ्याचा हिशोब केला तर आमच्या सगळ्या पिढ्यांचा पालक झाला. हे द्रव्य पाण्यात विरघळतं. क जीवनसत्त्वही विरघळतं, ज्याच्याशिवाय पानातलं लोह आतड्याला नीट शोषता येत नाही. उकळीच्या पाण्यात आधी हीच दोघं उतरतात. ऑक्झलेटच्या हातात हात घालून.

हरितद्रव्य मात्र पाण्यात विरघळत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मग मोरीतलं ते पाणी हिरवं कशानं होतं? फुटलेल्या पेशींचे कण, आणखी काहीबाही. मला खरं तर तो प्रश्न त्या दिवशी पडायला हवा होता. पडला तो एसटीत, धुळ्याच्या पुढे.

पण निघायच्या आदल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. आईनं परत पालक केला. मी काही न बोलता बाजूला उभी राहिले. तिनं पालक उकळला, रोळीत ओतला, पण खाली पातेलं ठेवून. पाला वेगळा, पाणी वेगळं. पाला घोटून त्यात बेसन लावलेलं ताक घातलं, लसूण-मिरचीची फोडणी. ताकातला कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला धरतो आणि ते बाहेरच्या बाहेर जातं, नानांच्या दृष्टीनं याहून चांगली भाजी मीही सुचवली नसती. तिनं ती चवीसाठी केली होती. मग तिनं काठवटीत कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ घेतलं, मधे खळगा केला, आणि ते हिरवं पाणी पुन्हा गरम करून त्यात ओतलं. पीठ मळताना तळहाताच्या रेषांत हिरवट तपकिरी पाणी साचत होतं. भाकरी थापायला घेतली तर कड चिरत गेली. तिनं पाण्याचा हात फिरवून ती सांधली. तव्यावर टाकल्यावर पुन्हा चिरली.

"कोणाला ही?" मी विचारलं. तिनं मानेनं आतल्या खोलीकडे खुणावलं. वहिनी पडून होती.

नाना जेवायला आले. ताटात बघून म्हणाले, "आज बी पालाच शे का?" आणि शेजारून शेवेची भाजी मागवता येते का ते दादाला विचारू लागले. वहिनीनं भाकरीचा तुकडा मोडून वास घेतला, नाक मुरडलं, आईकडे बघून मुकाट्यानं लिंबू पिळून घेतलं. भाकरीला हिरवी झाक आली होती आणि मधे एक भेग. तव्याच्या तापाला त्यातलं फॉलिक आम्ल किती टिकलं असेल, हे माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात आईनं कांदा बुक्कीनं फोडला आणि त्यातला अर्धा माझ्या ताटात टाकला.